दिवाणखान्यांतील खेळ आणि हातांतील खेळ

खेळ म्हटला कीं तो लहान मुलांचा, अशी आपल्या घरांतून एक समजूत आहे. सोंगट्या आणि बुद्धिबळें आपल्याच वाडवडिलांनीं तासन्‌तास खेळलेलीं असतां ही समजूत कशी रुजली, हें एक कोडेंच होय. आज घरोघरीं पडद्यावरचे खेळ आले आहेत. त्यांपैकीं एका प्रकाराविषयीं येथें दोन शब्द लिहावयाचे आहेत. त्यास 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. त्यांत खेळणारा एकाद्या पात्राची भूमिका घेतो, गांवोगांव हिंडतो, सोबती जोडतो आणि एक दीर्घ कथा हळूहळू उलगडीत नेतो. ती पुरी होण्यास चाळीस-पन्नास तास सहज लागतात. माझें म्हणणें इतकेंच कीं, हा खेळ दिवाणखान्यांतील मोठ्या पडद्यापेक्षां हातांतल्या लहानशा यंत्रावर अधिक गोड लागतो.

पहिलें कारण घरगुती आहे. आमच्या कळव्याच्या घरांत माणसें सात आणि टी.व्ही. एक. संध्याकाळीं बातम्या, मग मालिका, मग क्रिकेट! पन्नास तासांची कथा येथें कोणत्या कोपऱ्यांत बसवावी? शिवाय अशा खेळांत वाचावयाचें पुष्कळ असतें, आणि मागें बसलेलीं मंडळी "अरे, पुढें कर ना!" म्हणूं लागलीं कीं रसभंग झालाच. नाटक दहाजणांनीं मिळून पाहावें, पण कादंबरी ज्याची त्यानें वाचावी. हा खेळ कादंबरीचा सोयरा आहे, आणि कादंबरी ही हातांत धरण्याचीच वस्तु आहे.

दुसरें कारण खेळाच्या रचनेंत आहे. १९८६ सालीं जपानांत निघालेला 'ड्रॅगन क्वेस्ट' हा या प्रकारांतील एक आद्य खेळ. तो टी.व्ही.ला जोडून खेळावयाचा. आजचा खेळ उद्यां पुढें चालवावयाचा तर पडद्यावर येणारीं वीस अक्षरें कागदावर उतरून ठेवावीं लागत. १९८९ मध्यें निन्टेंडो कंपनीचा 'गेम बॉय' आला. यंत्र चार सेलांवर चालणारें, पडदा बिनरंगी. परंतु १९९६ मध्यें त्यावरच 'पोकेमॉन' अवतरला आणि मुलें वेडीं झालीं. त्यांतील सारे प्राणी एका प्रतींत मिळत नसत. दोन यंत्रें तारेनें जोडून मित्राशीं अदलाबदल करावी लागे. पुढें निन्टेंडोनेंच काढलेलें 'डी.एस.' हें यंत्र तर चष्म्याच्या डबीसारखें मिटे, आणि मिटतांच खेळ जेथल्या तेथें झोपीं जाई. टी.व्ही.वर वाढलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'चा नववा भाग २००९ मध्यें याच यंत्रासाठीं निघाला, हें पुरेसें बोलकें आहे.

याचें मर्म लोकलनें जाणाऱ्यास चटकन्‌ उमगेल. कळवा हें धीम्या गाड्यांचें स्टेशन. दादर गांठावयास सुमारें पाऊण तास लागतो. ठाण्यास गर्दी चढली कीं हात वर करण्याचीही सोय राहत नाहीं, तेव्हां यंत्र खिशांतच बरें. पण बसावयास मिळालें तर मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत एक लढाई सुखानें होते. या प्रकारच्या पुष्कळ खेळांत लढाई बुद्धिबळाप्रमाणें पाळीपाळीनें चालते. आपण विचार करीत असतां शत्रु सभ्यपणें उभा राहतो. मध्येंच कोणी "जरा सरकून घ्या" म्हटलें तरी कांहीं बिघडत नाहीं.

घरांतील वडील मंडळींचा आक्षेप मात्र हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. "यंत्र हातीं आलें कीं मूल घरांत असून नसल्यासारखें होतें," असें ते म्हणतात. घरांतल्या सुनांनीं कादंबऱ्या वाचूं लागतांच हेंच म्हटलें जाई. एकत्र कुटुंबांत अन्न, आधार, माया सारें मिळतें. मिळत नाहीं तो एकांत. स्वतंत्र खोली कोठून आणावी? पण वीस मिनिटांचा एकांत हातांत मावतो, आणि तो कोणाचा पडदा हिरावून घेत नाहीं. उलट, आईनें हांक मारतांच मिटून ठेवतां येतो. टी.व्ही.वर खेळणाऱ्यास पुष्कळदां पुढच्या नोंदीच्या जागेपर्यंत पोंचल्याविना उठवत नाहीं, आणि पानें वाढून ताटकळतात! जेवणाच्या वेळीं यंत्र मिटलेलें असावें, एवढा नियम घरानें करावा आणि मोठ्यांनींही पाळावा.

मोबाईलवर हे खेळ मिळतातच, असें कोणी म्हणेल. परंतु मोबाईल हा निरोप्या आहे. तो दर घटकेस कोणाचा ना कोणाचा निरोप आणून कथेचा धागा तोडतो. लहान अक्षरें वाचून डोळे शिणतात आणि मान अवघडते, हेंही खरें. त्यावर २०१७ मधील निन्टेंडोच्या 'स्विच'नें तोड काढली: तोच खेळ टी.व्ही.ला जोडावा किंवा हातीं धरावा. माझ्यापुरतें सांगावयाचें तर दोन्ही मार्ग मोकळे असतांही मी हातींच धरतों. चित्र मोठें दिसण्यापेक्षां, कथा आपली वाटणें मला अधिक मोलाचें वाटतें.