नकली पेटी

अचलपुरांतील आमच्या घरीं दूरदर्शन-संचास जोडावयाची एक खेळपेटी होती. परतवाड्याच्या बाजारांतून आणलेली. कॅसेटीवर ९९९९ खेळ लिहिलेले. प्रत्यक्षांत तेच ते पुनःपुन्हां येत. मुंबईचा आतेभाऊ ‘ही नक्कल!’ म्हणून हंसतांच आम्हीं ती माळ्यावर टाकिली. धाकटा भाऊ रात्रभर मुसमुसत होता.

पुढें कळलें, कीं ती निंटेंडोच्या १९८३ सालच्या जपानी फॅमिकॉमची नक्कल होय. अस्सल माल महाग, म्हणून आपल्याकडे नकलेचा खप. ब्राझिलांत टेकटॉय या तेथील कंपनीनें सेगाचीं यंत्रें लोकप्रिय केलीं. अमेरिकेंत खपलेला एक्सबॉक्स जपानांत रुजला नाहीं. देशागणिक बाजाराची निवड निराळी. तींत लाजण्यासारखें काय होतें? आम्हीं पेटी खालीं काढिली. परंतु तोंवर भावाचें खेळण्याचें वय सरलें होतें.