दमादमाने

‘दम’ या शब्दाइतका राबता शब्द मराठीत दुसरा नसावा. मास्तर दम देतात, पळताना दम लागतो, घाईच्या माणसाला ‘जरा दम धर’ म्हणून सांगतात आणि एखाद्याच्या अंगी काही असेल तर ‘पोरात दम आहे’ असे म्हणतात. हे सारे अर्थ मला एकाच ठिकाणी भेटले, ते पसरणीच्या घाटात, सायकलवर.

वाईहून पाचगणीस जाणारा हा घाट आपण सर्वांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेला आहे. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या किंचित खाली आणि मधले अंतर बारा-तेरा किलोमीटर. म्हणजे दर शंभर मीटरला साडेचार-पाच मीटर चढ. आकड्यांत हे फारसे वाटत नाही, एस.टी.त तर मुळीच नाही. माझी सायकल मात्र बिनगिअरची, काळी, एका दूधवाल्याकडून जुनी घेतलेली. तिच्या पुढच्या चक्राला 44 दात, मागच्या फ्रीव्हीलला 18. पॅडलचा एक फेरा पुरा झाला की ती जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला ही चैन आहे, चढावर शिक्षा. गिअरवाला चढ आला की ओझे हलके करून घेतो. माझे ओझे तेवढेच राहणार, बदलायचे ते पाय.

पाय बदलतात, पण सावकाश. गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर दोन महिने मी घाटाकडे तोंडच केले नाही. पहाटे सुरूर फाट्यापर्यंत जाऊन परत, तेही बोलता येईल इतक्याच वेगाने. बरोबर कोणी नसल्यामुळे मी इतिहासाच्या सनावळ्या मोठ्याने म्हणत असे. वाक्य मध्येच तुटले की वेग उतरवायचा. (पानिपतपर्यंत माझे पाठांतर पक्के झाले, हा लाभ वेगळाच.) आठवड्यातून दोन दिवस सायकल भिंतीला टेकलेली. शरीर बळकट होते ते श्रमानंतरच्या विश्रांतीत, हे अनेकांना पटत नाही. नियमित श्रमाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, म्हणून बसल्या जागी त्याला कमी ठोके पुरतात. स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे वाढते. स्नायूंना काही आठवड्यांत जोर येतो. त्यांना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा मात्र महिनोन्‌महिने घेतात. म्हणजे पाय ‘चल’ म्हणत असतात तेव्हा गुडघा अजून तयारीत असतो. आमच्या आळीतील एका मुलाने नवी गिअरची सायकल घेऊन दुसऱ्याच दिवशी पाचगणी गाठली. त्याचे कौतुक झाले. पुढे तीन आठवडे तो जिन्याचा कठडा धरून उतरत होता.

2015 साली नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी दोघांत मिळून अमेरिका आडवी पार करण्याची सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. ते वाचून माझी छाती फुगली. पायांवर काही परिणाम झाला नाही.

डिसेंबरात घाट सुरू केला. पहिल्या आठवड्यात दोन वळणे, मग तीन. ठरलेल्या वळणावर ताकद शिल्लक असली तरी परत फिरायचे. हे सर्वांत अवघड. बुवासाहेबांच्या देवळापर्यंत पोचायला जानेवारी उजाडला.

घरी या उद्योगाचा अर्थ लागत नव्हता. आमच्याकडे दमायचे ते रोजगारासाठी. अण्णा बाजारात हमाली करतात, हळदीची पोती वाहतात. आई परक्याच्या रानात खुरपायला जाते. पहाटे उठून घामाने निथळत, हात हलवीत परत आलेला मुलगा पाहून आई एकदा सरळ म्हणाली, “ह्याचं पैसं कोण देतंय रं तुला?” प्रश्न रास्त होता. उत्तर मला आजही नीट देता येत नाही. अण्णा मात्र गालात हसले. म्हणाले, “लेका, पयलं पोतं जो पळत न्हेतो, त्यो दुपारी सावलीला बसतोय. ट्रक रिकामा करतोय त्यो दमानं चालणारा.” शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकात ज्याला दोन प्रकरणे लागली ते अण्णांनी तंबाखू मळता मळता सांगितले.

सकाळी उठल्या उठल्या मी नाडी मोजत असे. ऑक्टोबरात 78 होती, फेब्रुवारीत 66. एकदा गमतीने अण्णांचे मनगट धरले. ते नुसते बसलेले होते, नाडी 96. तेव्हा लक्षात आले की अलीकडे पाण्याची कळशी आणतानाही ते उंबऱ्याशी थांबतात. वयाने म्हणा, हळदीच्या धुळीने म्हणा, माझा दम वाढत होता त्याच महिन्यांत त्यांचा उतरत चालला होता. सरकारी दवाखान्यात नेले. तपासण्या झाल्या, औषध मिळाले, तंबाखू बंद झाली, जड पोती बंद झाली आणि डॉक्टरांनी सांगितले, रोज सपाटीवर चाला. चालताना बोलता आले पाहिजे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी पाय न टेकता पाचगणीला पोचलो. एक तास पंचवीस मिनिटे लागली. मिनिटाला पॅडलचे जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस फेरे, प्रत्येक फेरा उभे राहून, सगळे वजन टाकून. वर चहा घेतला. उतरताना ब्रेकची रबरे तापून वास येऊ लागला तेव्हा दोनदा थांबलो. याहून अधिक सांगण्यासारखे त्या दिवशी काही घडले नाही.

सध्या संध्याकाळी मी अण्णांबरोबर चालतो. विजेचे खांब मोजायचे, दर आठवड्याला एक खांब वाढवायचा आणि ठरल्या खांबापाशी मागे फिरायचे. मागे फिरायला त्यांना माझ्याहून जड जाते. ते मला बाजारातल्या गोष्टी सांगतात. वाक्य तुटले की आम्ही दोघेही पाऊल आखडते घेतो. सहाव्या खांबापासून सुरुवात केली होती. काल सतराव्यापर्यंत गेलो, वाटेत एकदा थांबून.