तू नक्की करतेस काय?

माझी नोकरी आईला अजून कळलेली नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं की ती सांगते, 'मोठ्या कंपन्यांना सल्ला देते.' काकूंचा चेहरा बघण्यासारखा होतो. सल्ल्याचे पैसे मिळतात?

मिळतात हो, बऱ्यापैकी मिळतात. फक्त त्या बदल्यात तुमचा आठवडा तुमचा राहत नाही. सोमवारी पहाटे साडेचारला दारात कॅब, मग फ्लाइट, साडेनऊला क्लायंटच्या कॉन्फरन्स रूममध्ये. परत यायचं ते गुरुवारी रात्री. हॉटेलच्या वेटरला माझा नाश्ता पाठ, आणि सोसायटीचा वॉचमन मात्र 'कुणाकडे जायचंय?' विचारतो! दर आठवड्याला टाइमशीट भरायची. क्लायंटच्या बिलात लावता येतील असे तुमचे तास किती, त्यावर तुमची किंमत. प्रोजेक्ट नसेल तर तुम्ही 'बेंच'वर. पहिले दोन दिवस स्वर्ग, तिसऱ्या दिवसापासून पोटात गोळा. शिवाय डोक्यावर 'अप ऑर आउट'ची तलवार. ठरावीक वर्षांत वरची पायरी चढा, नाहीतर दुसरीकडे बघा.

आणि काम काय? खरं सांगू, पॉवरपॉइंट. पहिल्याच आठवड्यात 'मीसी' शिकवतात. बार्बरा मिंटो या बाईंनी १९६०च्या दशकात मॅकिन्झीत असताना मांडलेली ही शिस्त. एक मुद्दा दुसऱ्यात घुसता कामा नये आणि सगळे मिळून काही सुटता कामा नये. सवय अशी लागते की वाण्याची यादीसुद्धा मी तशीच करते.

दोन वर्षांपूर्वी नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कारखान्यात होते. काम नेहमीचंच, खर्च कमी करायचा. पण मशीन्स किती वेळ बंद पडतात, हे कॉम्प्युटरमधून काही केल्या नीट निघेना. तेव्हा स्टोअरमधल्या एका काकांनी कपाटातून लाल पुठ्ठ्याच्या वह्या काढल्या. ११ वर्षांची रोजची नोंद. कुठलं मशीन कधी थांबलं, कुठला पार्ट दिला, सगळं टपोऱ्या अक्षरात. तीन दिवस त्यांच्या शेजारी बसून मी ते आकडे एक्सेलमध्ये भरले. एकदा त्यांनी तर्री पोहे मागवले, नाकातून पाणी आलं माझ्या!

"काय करून राहिल्या जी मॅडम, एवढ्या आकड्यांचं?"

"कारखान्याला मदत होईल, काका."

झालीही. आमच्या प्रेझेंटेशनमधली सगळ्यात दमदार स्लाइड त्या वह्यांतून निघाली. पण २७ नंबरच्या स्लाइडवर होतं, स्टोअरचं काम सॉफ्टवेअरवर न्यावं, '४ एफटीई कमी'. एफटीई म्हणजे पूर्णवेळ काम करणारा एक माणूस. त्या चारांत काका होते. ती स्लाइडही मीच बनवली. रात्री दीड वाजता, फॉण्ट सारखे करत. गणितात चूक सापडते का, म्हणून तीनदा तपासलं. नव्हती.

मॅनेजरला म्हटलं, या लोकांना मेंटेनन्स प्लॅनिंगला घेता येईल. मशीन त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. तो म्हणाला, "आकड्यांत बसव, मग बोलू." पहाटे चारपर्यंत बसवलं. क्लायंटनं दोघांना घेतलं. काकांच्या रिटायरमेंटला दोनच वर्षं राहिली होती. त्यांना व्हीआरएस.

शेवटच्या गुरुवारी स्टोअरमध्ये गेले. काय बोलायचं ते टॅक्सीत ठरवलं होतं, पण त्यांना आधीच कळलेलं.

"वह्या कामी आल्या ना जी?"

"हो, काका."

त्यांनी संत्रा बर्फीचा डबा हातात ठेवला. मी नको म्हणू शकले नाही.

रात्री घरी आईनं डबा उघडला. "कुणी दिली गं?"

"क्लायंटकडच्या एका काकांनी."

"बघ," आई खूश होऊन म्हणाली, "म्हणजे तुझा सल्ला आवडला त्यांना."