शस्त्र ठेवल्यानंतर

'शोले' 1975 साली आला, तेव्हा चंबळच्या दरोडेखोर माधोसिंगने बंदूक खाली ठेवून तीन वर्षं होऊन गेली होती. गब्बरचं हसणं, तंबाखू मळणारा हात आमच्या वर्ध्यातल्या पोराटोरांनाही पाठ झाला. माधोसिंग कुणाला आठवत नाही. मला मात्र तोच मोलाचा वाटतो.

मे 1960 मध्ये विनोबा भिंड-मुरैनाच्या दऱ्याखोऱ्यांत पायी हिंडले आणि वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. पुढे 1971 त माधोसिंगलाही तीच वाट धरावीशी वाटली. विनोबांनी तोवर क्षेत्रसंन्यास घेतलेला, पवनार सोडायचं नाही असा निश्चय. त्यांनी जयप्रकाशांचं नाव सुचवलं. माधोसिंग पाटण्याला गेला तो रामसिंग नावाचा ठेकेदार बनून. डोक्यावर इनाम असलेला माणूस समोर बसून चंबळची कैफियत मांडतोय आणि जयप्रकाशांसारख्याला तो ठेकेदारच वाटतोय! पवनारला धाम नदीच्या काठावर, विनोबांच्या आश्रमातल्या भरत-राम भेटीच्या शिल्पापुढे उभा राहिलो की मला हा प्रसंग हटकून आठवतो.

पडद्यावरचा दरोडेखोर असा ठेकेदारासारखा दिसूच शकत नाही. तो येण्याआधी संगीत येतं. हा आपल्यातला नव्हे, एवढी खात्री पटली की आपण निर्धास्त होऊन खुर्चीत टेकतो. 'जिस देश में गंगा बहती है'ने शरणागती दाखवली खरी, पण शस्त्रं पडली की गोष्टही संपली.

व्ही. शांतारामांचा 'दो आंखें बारह हाथ' (1957) म्हणूनच मला थोर वाटतो. कथा गदिमांची, मुळाशी औंध संस्थानातली आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली वसाहत. सहा खुनी ओसाड रान फोडतात, भाजी पिकवतात, बाजारात रास्त भावाने विकतात आणि व्यापाऱ्यांच्या गुंडांचा मार खातात. गुन्हेगार घाम गाळताना, भाव सांगताना दिसतो तो इथे.

तरी एक माणूस याही सिनेमात राहूनच गेला: ज्याच्या घरचं कुणी मारलं गेलं तो. एप्रिल 1972 मध्ये चंबळमधल्या जौऱ्याला गांधीजींच्या तसबिरीपुढे माधोसिंगसह शस्त्रं ठेवणारे दरोडेखोर पुढे मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात राहिले, शिक्षा भोगून सुटले. ज्या घरांत त्यांच्या गोळ्या शिरल्या होत्या, त्या घरांना ते सुटल्याचं कळलं तेव्हा तिथे काय बोलणं झालं असेल? तो सिनेमा मला पाहायचा आहे.