रंग आणि श्वास

कल्याणच्या कारखान्यात १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ मोटारी तयार होत. मोटारींच्या कारखान्यात रंगकामाची खोली निराळी असते. तिच्यात वरून गाळलेली हवा येते व दूषित हवा बाहेर खेचली जाते. ठाण्या-डोंबिवलीच्या घरगुती गॅरेजात ही सोय कोठून असणार? ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून हौशी माणूस दार लावून घेतो, आणि तेथेच चुकतो. थिनरची वाफ हवेहून जड असल्याने तळाशी साचते. विजेच्या बटणाची ठिणगीही तिला पेटवू शकते. तोंडावरचा रुमाल वाफ अडवीत नाही. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मुखवटाच हवा. हार्डनर मिसळलेला रंग तर घरी फवारूच नये. त्याने दमा जडतो. रंगावर बसलेली धूळ घासून काढता येते, छातीत गेलेले विष नाही. म्हणून शहाणा कारागीर आधी दार उघडतो, मगच हाती फवारा घेतो.