चेतक आणि येझदी

आमच्या बेळगावच्या घरात दोन जुन्या गाड्या. वडिलांची चेतक पुण्याकडची, सासऱ्यांची येझदी म्हैसूरची. मराठी-कन्नड संसाराला शोभेल अशीच जोडी!

चेतक १९७२ साली बाजारात आली. पत्र्याचं अंग, डाव्या मुठीत गियर, पायांपुढे मोकळी जागा. नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. पुढे मूल उभं, मागे बायको, मध्ये भाजीची पिशवी. येझदीचं सगळंच निराळं. दोन सायलेन्सर, आणि गियरची दांडीच आत दाबून उभी केली की किक होते. तिचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला.

परवा दोन्ही निपाणीपर्यंत नेऊन पाहिल्या. दोघीही टू-स्ट्रोक, पेट्रोलात ऑइल घालावंच लागतं. तवंदी घाटात चेतक दमते, उजवीकडच्या इंजिनामुळे जराशी कलतेही. येझदी गडगडत चढते; पिशवी मात्र कुठे ठेवायची ते विचारू नका.

नव्या फ्लॅटमध्ये एकीलाच जागा आहे. सोय पाहिली तर चेतक ठेवावी. पण सासरे आता नाहीत, आणि येझदीचा आवाज आला की मुलं अजून ‘अज्जा’ म्हणत दाराकडे धावतात. शेवटी वडीलच म्हणाले, ‘‘माझी विक. त्यांची राहू दे.’’