मापात पाप

आमच्या कन्नडात मापाबद्दल मत नाही असा माणूस सापडणं कठीण. मोंढ्यात मक्याचं पोतं काट्यावर चढलं की शेतकरी आकड्याकडे पाहत नाही, काटेवाल्याच्या हाताकडे पाहतो. त्यामुळे हिच्या बहिणीच्या मुलाने टेक्सासातून फोन करून, “काका, माप कोणतं घेऊ?” असं विचारलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढचं ऐकून. त्याला दारू मोजायची होती.

फोनच्या पडद्यावर मावशीचा चेहरा पाहून त्याने घाईघाईने खुलासा केला, “प्यायची नाही गं, बंदुकीची!” हिला त्यातल्या त्यात हायसं वाटलं.

चिरंजीव दर रविवारी नेमबाजीला जातात. विकतची काडतुसं महाग, म्हणून उडवलेल्यांच्या पितळी नळ्या वेचून आणतात आणि घरी पुन्हा भरतात. रिकाम्या बरण्या जपून ठेवणाऱ्या घराण्याचं रक्त आहे, दुसरं काय! तिकडे स्वतःपुरतं असं भरायला मुभा आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा वाचकांनी हा लेख नुसता वाचावा. खडकीचा कारखाना १८६९ पासून दारूगोळ्याचं बघतो आहे, त्याचं त्याला बघू द्यावं.

भरायचं यंत्र मोठं गमतीचं. पंगतीत वाढपी फिरतो आणि पानं जागेवर असतात. इथे वाढपी जागेवर आणि पंगत फिरते. दांडा एकदा ओढला की चकतीवरच्या सगळ्या नळ्या एकेक घर पुढे सरकतात. एका घरात जुनी टोपी निघून नवी बसते, पुढच्यात दारू पडते, त्यापुढे गोळी बसते, शेवटी तोंड आवळलं जातं. एका ओढीला एक काडतूस! यातलं दारू वाढणारं जे भांडं, ते कोणतं घ्यावं हा प्रश्न होता.

“पडते किती?” हिने विचारलं.

“पिस्तुलाला पाचेक ग्रेन.”

ग्रेन म्हटल्यावर मी सरसावलो. इंग्रजांनी १८३३ साली तोळा ठरवला तो १८० ग्रेनांचा. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. म्हणजे गुंज भरते पावणेदोन ग्रेनांहून थोडी जास्त. पाच ग्रेन म्हणजे पावणेतीन गुंजाही नाहीत. सोनाराच्या दुकानात एवढ्यासाठी पंखा बंद करतात, आणि हा गडी दांडा ओढून तासाला शेकड्यांनी काडतुसं भरायला निघालेला!

आणि खरी मेख ही की, हे भांडं वजन करतच नाही. ते पायली-चिपट्यासारखं आकारमान मोजतं. आता आकारमानाच्या मापात काय काय होतं, ते हिला सांगायला नको. तिच्या माहेरी धान्य घेताना शीग किती, सपाट किती, मोजणाऱ्याने माप दाबलं की हलक्या हाताने भरलं, यावरून पिढीजात अबोले झालेले आहेत. दारूचं तसंच. भांड्याला धक्का लागला की ती खाली बसते आणि त्याच खळग्यात जास्त मावते. शिवाय जात पाहावी लागते. गोल दाण्याची दारू बाजरीसारखी सरसर उतरते. चपट्या पापुद्र्यांची पोह्यांसारखी. कधी गच्च, कधी पोकळ. आणि रायफलीची लांबट काड्यांची तर शेवयाच. मापाच्या कडेला अडकते आणि कचकन तुटते.

बाजारात दोन तऱ्हा होत्या. एकीत ठरावीक भोकांच्या चकत्या; माप बदलायचं तर भोक बदला. दुसरीत फिरता ढोल, त्याचा खळगा स्क्रूने लहानमोठा होतो. ही अर्थातच चकतीच्या बाजूची. चिपट्याला कधी स्क्रू असतो का? स्क्रू आला की हात शिवशिवणार, हात शिवशिवला की मापात पाप. मी ढोलाचा पक्ष घेतला, कारण दोन भोकांच्या मधलं माप लागलं तर माणसाने काय करायचं? (संसारात मी बहुधा अशा मधल्याच मापाचा आहे, पण ते असो.)

मग तिने जे विचारलं ते आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. “पण एकाच नळीत दोनदा पडली तर?”

फोन गप्प झाला. दुप्पट दारू पडली तर बंदूक हातात फुटते. मुळीच पडली नाही, तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी निघते आणि नळीत मध्येच अडकते. मागून दुसरी झाडली की परिणाम तोच. हा मुलगा आमच्या अंगणात चालायला शिकला. त्याचे हात मला एकदम दिसायला लागले.

“नळी खाली आल्याशिवाय दारू पडणारच नाही, असं भांडं मिळतं,” तो म्हणाला. “पण दांडा अर्धवट ओढून सोडला आणि पंगत पुढे सरकली नाही, तर त्याच पानात पुन्हा वाढलं जातं.”

“मग दूध दोनदा घातलं तर उतू जाईल असंच पातेलं घ्यावं,” ही म्हणाली.

तो खुर्चीत सरळ बसला. तिकडचे जाणते अगदी हेच सांगतात म्हणे: हलक्या, फुगीर जातीची दारू घ्यावी. एका मापाने नळी निम्म्यावर जाते, दुसरं पडलं की बाहेर सांडतं आणि डोळ्याला दिसतं.

शेवटी त्याने ढोलच घेतला, नळी आल्याशिवाय न वाढणारा. स्क्रू एकदा तराजूवर लावून घट्ट केला. दर दहावं माप तो तराजूवर घालून पाहतो, आणि गोळी बसायच्या आधी प्रत्येक नळीत डोकावता यावं म्हणून वर छोटा दिवा टांगलाय. काम संपलं की उरलेली दारू तिच्या मूळ डब्यात परत, म्हणजे उद्या भांड्यात काय आहे याचा घोळ नको.

भरताना बोलायचं नाही, ही अट मावशीची. त्यामुळे रविवारी सकाळी त्याचा फोन बंद असतो, आणि ही दर दहा मिनिटांनी तो लावून पाहते.